नारबोद खाली कशी बसते?

बालाघाटच्या बसस्टँडवर मला कोणी पाहिलं तर वाटेल, या माणसाचं काहीतरी खाली पडलंय आणि तो ते शोधतोय. पडलेलं काही नसतं. मी लोकांचे पाय पाहत असतो. किरनापूरच्या गाडीतून उतरणारी बाई आधी पिशवी खाली ठेवते, मग स्वतः उतरते आणि मग वरच्या पायरीवरच्या पोराला दंडाला धरून उचलून घेते. भरवेलीच्या खाणीतून पाळी संपवून आलेला माणूस मोटारसायकलवरून उतरला तरी पहिली काही पावलं गाडीवर बसल्यासारखाच चालतो. हे सगळं मी डोक्यात भरून घरी आणतो. पंचवीसेक वर्षं माझं घर याच्यावर चाललं आहे. माझी बायको सुनंदा मात्र अजून घाबरते. "बायांच्या पायाकडे असे टकमक पाहून राह्यता, एखाद्या दिवशी मार खासान," ती म्हणते.

मी ॲनिमेशनची चित्रं काढतो. पाहुणे विचारतात, "म्हणजे कार्टून ना?" मी हो म्हणतो. आधी नागपूर, मग पुणे, आणि आता पुन्हा बालाघाट, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. या धंद्यात माझी ओळख 'चालीवाला' अशी आहे. पात्राचा चेहरा कोणीही काढतं. ते चालायचं कसं, हे ठरवायला मला बोलावतात. लठ्ठ माणूस, घाईतला माणूस, घरी खोटं सांगून आलेला माणूस, सगळ्यांच्या चाली वेगळ्या. त्या मनानं बनवता येत नाहीत. कुठून तरी उचलाव्या लागतात, आणि ज्याची उचलली त्याला आम्ही कधी सांगत नाही.

मीही सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या अंजनाकाकूंची चाल मी उचलली, तिच्यावर मोबाईलचे तीन खेळ निघाले आणि मग त्या खेळांचा सिनेमा झाला. दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी म्हटलं होतं, खेळाचा सिनेमा कसा होतो ते सोपं करून सांगा. मला ते काकूंना वगळून सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद असते. पळसाच्या डहाळ्या, गवत आणि एखादी जुनी साडी यांची बाहुली करतात. पहाटे वार्डातली माणसं तिला उचलून शिवेबाहेर नेतात. वाटेनं ओरडत जायचं, "खासी-खोकला, ढेकून-मच्छर घेऊन जाय गे नारबोद!" शिवेवर तिला ठेवायचं, पेटवायचं आणि घराकडे निघायचं. आमच्या वार्डात परतताना मागे वळून पाहत नाहीत. लहानपणी मला याचा फार ताण यायचा. मान दुखेपर्यंत मी समोर पाहत चालायचो.

खेळ काढायची कल्पना नितेशची. नितेश भरवेलीच्या खाणकामगारांच्या वसाहतीत वाढलेला, संगणकाची भाषा जाणणारा, माझ्यापेक्षा बराच तरुण. खेळ सोपा होता. वार्डभर फिरून खोकला, ढेकूण, मच्छर गोळा करायचे आणि सूर्य उगवायच्या आत शिवेबाहेर नेऊन टाकायचे. खेळणाऱ्याला पडद्यावर फक्त स्वतःचे दोन हात दिसायचे. पहिला नमुना आम्ही खेळून पाहिला आणि दोघांनाही जांभया आल्या.

"भाई, दुश्मन तो होना चाहिए ना," नितेश म्हणाला. "कोणीतरी मागं लागलं पायजे."

मग आम्ही नारबोदलाच मागे लावलं. ती बाहुली उभी राहते आणि तुमच्या पाठलागाला लागते. आता तिला चाल पाहिजे होती. मी खोलीत बसून विचार करत होतो आणि खिडकीतून अंजनाकाकू जाताना दिसल्या.

काकू आमच्यापासून तिसऱ्या घरी राहतात. काका गेल्यापासून पिठाची चक्की त्याच चालवतात. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. डावं पाऊल टाकायचं, उजवं फरपटत आणायचं, आणि ते आणताना खांदा किंचित उचलायचा, कोणी मागून हाक मारल्यासारखा. मी कागद ओढला आणि ती चाल आठ चित्रांत धरली. खेळातल्या चालीला तेवढी चित्रं पुरतात, कारण तीच पुन्हा पुन्हा फिरवायची असतात. आठवं संपलं की पहिलं. खेळातलं पात्र थकत नाही, थांबत नाही, बसत नाही. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी नाकारत नाही. इतकी चांगली चाल मी त्याआधी काढली नव्हती.

खेळ चालला. पोरांना ती पाऊल-फरपट, पाऊल-फरपट फार आवडली. दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला. आणि आमच्याच वार्डात पोरं काकूंच्या मागे एक पाय ओढत चालायला लागली.

काकूंचा एक नेम होता. संध्याकाळी चक्की बंद केली की त्या गल्लीच्या टोकाला पुलियावर जाऊन बसायच्या. त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर वार्डातल्या आणखी बाया यायच्या. कोणाची सून, कोणाची म्हैस, सगळं तिथं निघायचं. माझ्या खिडकीतून त्या जाताना दिसायच्या, येताना दिसायच्या. तिसऱ्या भागानंतर त्या दिसेनाशा झाल्या. मी सुनंदाला विचारलं, काकू आजारी आहेत का? ती म्हणाली, "आजारी काहून असतीन? पोरं मागं लागतात म्हणून घरीच बसतात." आणि माझ्याकडे न पाहता भाजी निवडत राहिली.

चक्कीवर मी नेहमीसारखा जात होतो. डबा ठेवायचा, डबा उचलायचा. बोललो काहीच नाही. मनाला सांगत होतो की पोरं आहेत, विसरतील.

मग सिनेमा आला. मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओनं तिन्ही खेळ मिळून एक मोठा ॲनिमेशनपट करायचा ठरवला. स्टुडिओचे मालक दोन भाऊ. थोरल्या भावानं एकही भाग खेळला नव्हता, आणि तो ते अभिमानानं सांगायचा. धाकट्यानं सगळे खेळले होते आणि त्याला सिनेमात बोलणारी बकरी हवी होती. खेळात बकरी नाही, हे त्याला नितेशनं तीनदा सांगितलं. "इसीलिए तो चाहिए," तो म्हणाला. शेवटी ती बकरी सिनेमात आलीच, आणि खरं सांगायचं तर लोकांना आवडली.

दिग्दर्शक होती मेघना. पुण्याची, तिशीतली, कमी बोलणारी. तिनं पहिल्याच बैठकीत मला अडचण समजावून सांगितली. खेळात माणूस स्वतः धावतो, त्यामुळे गोष्ट नसली तरी चालतं. जीव त्याचाच धोक्यात असतो. सिनेमात तो खुर्चीत बसलेला असतो. आता दुसरंच कोणीतरी धावणार, आणि ते कोण, हे सांगितल्याशिवाय त्याला काळजी वाटणार नाही. म्हणजे त्या दोन हातांना एखादं तोंड, म्हणजे चेहरा, द्यायला हवा. आम्ही कितीतरी तोंडं काढली. प्रत्येक तोंड काढलं की वाटायचं, बाकीच्या सगळ्या पोरांना आपण खेळातून बाहेर काढतोय. शेवटी बेबी नावाची मुलगी ठरली, समोरचा एक दात पडलेली. माझा पुतण्या अजून म्हणतो, "ते हात मुलीचे नव्हतेच."

खेळाचे भक्त हा आणखी वेगळा प्रकार. गोंदियाचा एक बँकेतला माणूस, पोराबाळांचा बाप, मला फोन करायचा. दुसऱ्या भागातला मच्छर चावायच्या आधी डावीकडे वळतो, सिनेमात उजवीकडे वळवलात तर बघा, असा त्याचा दम होता. मच्छर डावीकडे का वळतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी माझा उजवा हात दुखत होता. पण त्याला ते सांगितलं नाही. मच्छर सिनेमातही डावीकडेच वळतो.

खरी अडचण नारबोदची निघाली. मी तिची चाल सिनेमासाठी नव्यानं काढली, अधिक चित्रांत, सावकाश. मेघनानं ती पाहिली, परत लावली, परत पाहिली.

"दिलीपदादा, ही बाई खरी आहे ना?"

"कोणती बाई?" मी म्हणालो. प्रश्न कळला होता.

"जिची चाल आहे ती. आता मला ही बसताना पाहिजे. दमून दगडावर बसते, मग उठते. सिनेमाभर नुसती चालत राहिली तर यंत्र वाटेल."

मी होकार दिला आणि मनानं काढायला बसलो. काही केल्या जमेना. तो पाय कुठं जातो? हात आधी टेकतो की मागून? माझी नारबोद उंटासारखी बसायची. मेघनानं एकामागून एक चित्रं परत पाठवली. भांडली नाही, फक्त लिहायची: 'ही ती नाही.' काकूंना बसताना पाहायचं तर खिडकी पुरत नव्हती, कारण त्या पुलियावर येतच नव्हत्या. आणि त्या का येत नव्हत्या ते मला माहीत होतं.

शेवटी मी गव्हाचा डबा उचलला. सुनंदा म्हणाली, "कालच तं दळून आनलं." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "जा. चांगलं पाच किलो घेऊन जा, वेळ भेटन बोलाले."

चक्की सुरू होती. काकूंच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. चक्कीमुळे त्या नेहमी ओरडूनच बोलतात.

"गहू का तांदूळ?"

"गहू. काकू, एक बोलाचं होतं."

"बोल ना! चक्की कानाले लागली आहे, तोंडाले नाही!"

"तो मोबाईलवरचा खेळ आहे ना, नारबोदचा..."

काकूंनी चक्की बंद केली. दळण अर्धं असताना त्यांनी चक्की बंद केलेली मी कधी पाहिली नव्हती. एकदम एवढी शांतता झाली की पट्टा थांबतानाचा फटफट आवाज ऐकू आला.

"मले वाटलं, तू पयल्याच भागाले येशीन," काकू म्हणाल्या. "तिसरा निंघाला तरी आला नाही."

"तुमाले मालूम होतं?"

"पूर्‍या वार्डाले मालूम आहे. तुह्या मायलेबी मालूम होतं. जिती होती तवा मले म्हने, अंजना, दिलीपले बोलू नोको, तो लय जीवाले लावून घेते. आता पाय, टांग माही अन् दुखन तुले!"

मी म्हणालो, माझं चुकलं. हे वाक्य मी घरी वेगळं तयार केलं होतं, मोठं आणि चांगलं. तिथं एवढंच आलं.

"चुकलं तं हायेच. आता मोबाईलातून काढून घेतं का?"

"ते नाही होत काकू. लोकायच्या मोबाईलात गेलं ते गेलं."

"मंग काहून आला?"

आता सगळ्यात अवघड भाग होता. मी खाली पाहत सांगितलं की सिनेमा होतो आहे, त्यात नारबोदला बसायचं आहे, आणि तुम्ही बसता कशा ते मला येत नाही.

काकू अशा हसल्या की भुवयांवरचं पीठ उडालं. "म्हंजे चोरी कमी पडली म्हणून मालकाले विचाराले आला!"

"हौ," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"दाखवीन मी. पन मले एक सांग. तुही नारबोद लोकायच्या मागं काहून धावते?"

"खेळात दुश्मन लागते काकू."

"नारबोदले धावताना कोनी पाह्यलं का? तिले तं लोकं उचलून नेतात. सार्‍या वार्डाची खासी-खुजली तिच्या अंगावर टाकाची, अन् वरून म्हनाचं का तीच मागं लागली? मी कोनाच्या मागं लागली, सांग बरं? माह्या घुटन्यात जोर आहे का? पोरंच माह्या मागं लागतात. मले पुलियावर जाऊन बसाचं आहे, बाकी काही नाही. तेवढं करून दे तुह्या सिनेमातून."

पुलिया आणि सिनेमा यांचा संबंध कसा जोडायचा हे मला कळेना. तरी मी मान हलवली.

मग त्या बसून दाखवायला उभ्या राहिल्या. एक हात चक्कीच्या लाकडावर. वाकत नाही तो पाय आधी समोर सोडायचा, सरळ. मग डाव्या गुडघ्यावर सगळा भार घेत खाली यायचं. आणि शेवटची वीतभर त्या स्वतःला सोडूनच देतात, धप्पकन. बसल्यावर "हौ" म्हणतात, जमिनीनं काही विचारलं असावं तसं. हे मी जन्मात बनवू शकलो नसतो.

"पाय कशानं गेला काकू?" इतकी वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलं नव्हतं. खेळातल्या नारबोदच्या पायाबद्दल पोरांनी भयंकर गोष्टी रचल्या होत्या.

"रामपायलीच्या यात्रेतून येत होतो. तुहे काका लुना चालवत होते, मी मागं. रस्त्यात मातीचा ढेला आला, गाडी वावरात गेली. मी बांधावर पडली, टांग मोडली. अन् हा मानूस चिखलात काय ढुंढून राह्यला म्हनतं? चप्पल! नवी चप्पल होती त्यायची, एक गेली. मी बोंबलून राह्यली अन् हे म्हनतात, थांब वं, आत्ताच तं घेतली होती!"

"भेटली का?"

"कायची भेटते! मरेपर्यंत माह्या टांगेपेक्षा चपलेचंच दुःख होतं त्यायले."

घरी येऊन मी मेघनाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, "दादा, म्हणजे आपण उलटं धरलंय. नारबोद पाठलाग करत नाही. बेबी तिला पाठीवर घेऊन चाललीय. आणि ती म्हातारी सगळ्या रस्त्यानं कुरकुर करतेय."

तिथून सिनेमा सापडला. आजीला खोकला सुटत नाही म्हणून बेबी एकटीच नारबोदला शिवेपर्यंत न्यायला निघते. नारबोदच्या अंगावर ढेकूण आहेत, मच्छर आहेत, आणि तिची तक्रार अशी की यातलं एकही तिचं स्वतःचं नाही. ती थोडं चालते, बाकी पाठीवर. दमली की बसते, "हौ" म्हणते. बेबी तिला पायाचं विचारते तेव्हा ती लुना आणि चपलेची गोष्ट सांगते. काकूंना विचारून घेतली, या खेपेला.

भावांना पटवणं सोपं नव्हतं. "तो फिर बच्चे डरेंगे किससे?" धाकट्यानं विचारलं. मेघना म्हणाली, सूर्य उगवायच्या आत पोचायचं आहे, तेवढी भीती पुरे. थोरला म्हणाला, त्याला तसंही भीतीचं काही आवडत नाही, गाणी किती येतील ते सांगा. तो पहिल्यांदाच आमच्या उपयोगी पडला. गोंदियाच्या बँकवाल्याला कुठून तरी कुणकुण लागली. तो फोनवर रडायचा बाकी होता. "पाठलागच काढला? मग उरलं काय?" त्याचं दुःख खोटं नव्हतं. त्याच्या पोरांनी आणि त्यानं मिळून तो पाठलाग खेळला होता. खेळाचा सिनेमा करताना कोणाची ना कोणाची आवडती गोष्ट मोडावीच लागते. मोडणाऱ्याच्या हाताला ते लागलं पाहिजे, एवढं मला वाटतं.

काकूंच्या अंगणात आम्ही त्यांचं बसणं-उठणं चित्रित करून घेतलं. आजूबाजूच्या बाया पाहायला आल्या. एकीनं विचारलं, "अंजनाबाई, हिरोईन झाली का वं?" काकू म्हणाल्या, "हौ, अन् तुले बकरीचं काम देऊन राह्यले." सिनेमाच्या मराठी आवृत्तीत नारबोदचा आवाज झाडीपट्टीच्या नाटकात काम करणाऱ्या एका बाईंचा आहे. तो काकूंना पसंत पडला नाही. "नागपूरची वाटते," असा त्यांचा शेरा. पावलांचा आवाज मात्र काकूंचाच आहे. अंगणात थोडी वाळू पसरली, नितेशनं खाली आवाज टिपायचं यंत्र ठेवलं आणि काकू चालल्या. पाऊल, फरपट. पाऊल, फरपट. ऐकताना मी डोळे मिटले तर मला आठही चित्रं दिसत होती.

शेवटचा प्रसंग मी स्वतः मागून घेतला होता. बेबी नारबोदला शिवेवर सोडते, परत निघते, आणि थोडं पुढं गेल्यावर थांबून मागे वळून पाहते. खेळाच्या तिन्ही भागांत शिवेवरून परतताना मागे पाहता येतच नाही, तशी सोयच नितेशनं ठेवली नव्हती. म्हणून मला ते हवं होतं. बेबीचे डोळे भरून येतात, नारबोद हात हलवते. मी त्या वळण्यावर जीव ओतला. मान आधी वळत नाही, आधी पावलं जड होतात, मग खांदा, मग मान. लोकांना ते बेबीचं वळणं वाटलं असतं. मला ठाऊक होतं की त्यात माफी मागत उभा असलेला मी होतो.

सिनेमा जवळजवळ पुरा झाल्यावर, फक्त आवाजाचं शेवटचं काम राहिलं असताना, मेघनानं वार्डाला तो दाखवायची परवानगी दिली. आमच्याकडच्या मंगल भवनात पडदा लावला. पोरं खाली अंथरलेल्या दरीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, काकू पहिल्या रांगेत, पाय समोर सोडून. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि पडद्याकडे अजिबात पाहत नव्हतो.

नारबोद पहिल्यांदा धप्पकन बसून "हौ" म्हणाली तेव्हा बाया खदखदल्या. चपलेच्या गोष्टीला पूर्ण हॉल हसला. दरीवरचा एक पोरगा उठून काकूंकडे वळला. मी त्याला ओळखलं, पाय ओढत चालणाऱ्यांत तोच पुढं असायचा.

"काकू, मंग चप्पल भेटली का?"

काकू म्हणाल्या, "तुह्या बापाले विचार. त्याच्याच पायात असन!"

त्या पोराचा बाप मागच्या खुर्चीवर होता. त्यानं आपले दोन्ही पाय वर करून दाखवले. सिनेमा काही वेळ कोणालाच ऐकू आला नाही.

दिवे लागल्यावर मी काकूंपाशी गेलो. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बकरी छान आहे. पन त्या पोरीनं शेवटी मागं काहून पाह्यलं?"

"तिले नारबोदची माया लागली ना काकू."

"माया लागली म्हणूनच नाही पाहाचं. सीवेवर सोडली का घराकडे तोंड कराचं. मागं पाह्यलं तं सारं परत येते. एवढ्या दुरून उचलून नेलं त्या लेकरानं, अन् शेवटी तिले पाहत उभी राह्यली. ते नारबोद जाईन कशी? तिलेबी जाऊ दे ना बिचारीले." मग उठायला हात पुढं केला. मी तो धरला.

दुसऱ्या दिवशी मेघनाला फोन केला.

"दादा, तो शॉट सिनेमातला सगळ्यात चांगला आहे."

"माहीत आहे."

"तुम्हीच भांडून घेतलाय."

"तेही माहीत आहे."

तिनं तो शॉट काढला. आता सिनेमाच्या शेवटी बेबी आपल्याकडे तोंड करून चालत येते, समोर पाहत. मागे काय होतं ते दिसत नाही. फक्त पाऊल-फरपट ऐकू येते, दूर जाताना, आणि मग तीही नाही. माझं चांगलं काम कापलं गेलं याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. त्या वळण्याची चित्रं मी अजून ठेवली आहेत. पण ती नेहमी उघडत बसत नाही.

सिनेमा बरा चालला. बँकवाल्यानं पोरांना घेऊन पाहिला आणि मला कळवलं, मच्छर ठीक आहे. जुने तिन्ही खेळ मात्र अजून लोकांच्या मोबाईलात आहेत. कुठल्या तरी गावात या क्षणी एखादं पोर त्या पावलांपासून पळत असेल, आणि ती थकत नसेल, बसत नसेल. नितेश म्हणतो, पुढच्या भागात बदलू. बदलूच. पण केलेलं काम परत घेता येत नाही, हे मला कळलं आहे. आता चाल उचलली की मी त्या माणसाला जाऊन सांगतो. बरेच जण हसतात. भरवेलीच्या एका माणसानं मात्र, "माझी चाल खराब आहे का?" म्हणून हुज्जत घातली होती.

काकू पुलियावर जायला लागल्या. पोरं अजून मागे लागतात, पण आता चपलेचं विचारायला. काकू रोज त्यांना वेगळ्या माणसाचं नाव सांगतात. माझंही एकदा सांगितलं. चार पोरं घरी येऊन माझ्या चपला तपासून गेली.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे मी बऱ्याच वर्षांनी नारबोद उचलणाऱ्यांत होतो. काकू शिवेपर्यंत आल्या. एवढ्या दूर त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. आम्ही ओरडत गेलो, बाहुली ठेवली, पेटवली आणि घराकडे तोंड केलं. पोरं पुढं पळाली. धानाच्या बांध्यांवर उजेड यायला लागला होता. माझ्या मागून पावलं येत होती. पाऊल, फरपट. पाऊल, फरपट. मध्येच थांबली. मग धप्पकन आवाज आला आणि "हौ."

मी थांबलो. वळलो नाही.

"चाल ना रे," काकू मागून म्हणाल्या. "मी येते बसून."

"येजा सावकाश. मी हाये इथं," मी समोर पाहत म्हणालो, आणि त्या उठेपर्यंत तसाच उभा राहिलो.